ग्रीक देवांच्या वाटण्या: कोणाला काय मिळालं आणि कसं

नासाच्या नव्या चांद्रमोहिमांमुळे 'आर्टेमिस' हे नाव बातम्यांत रुळलं आहे. त्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: आर्टेमिस ही ग्रीकांची चंद्रदेवता आणि अपोलोची जुळी बहीण. भाऊ १९६९ साली चंद्रावर जाऊन आला, आता बहिणीची पाळी. जुळी बहीण हे बरोबर. चंद्रदेवतेचं मात्र तितकंसं खरं नाही. ग्रीकांच्या सर्वांत जुन्या काव्यांत चंद्र म्हणजे सेलीनी आणि सूर्य म्हणजे हेलिओस. आर्टेमिस ही धनुष्य घेऊन रानात हिंडणारी शिकारीण. तिची चंद्राशी आणि अपोलोची सूर्याशी सांगड घातली गेली ती पुढच्या शतकांत. आणखी एक गंमत म्हणजे या मोहिमेत अंतराळवीर ज्या यानात बसतात त्याचं नाव आहे ओरायन, आणि 'ओडिसी' या होमरच्या महाकाव्यात ओरायन नावाच्या शिकाऱ्याला बाण मारून ठार करते ती आर्टेमिसच.

अशी गल्लत होते, कारण हे देव आपल्याला यादीतून भेटतात. झ्यूस विजेचा, पोसायडन समुद्राचा, एरीस युद्धाचा. यादी पाठ होते आणि मग प्रश्न सुरू होतात. युद्धाचा देव एरीस, तर अथीना भाला घेऊन काय करते? समुद्राच्या देवाकडे भूकंप आणि घोडे कसे? झ्यूस सगळ्यांचा राजा, तर त्याला दर दोन पानांनी कोणीतरी फसवतं कसं?

ग्रीक देवाची शक्ती म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला हक्क, असं धरून चाललं की यातली बरीच कोडी सुटतात. हा हक्क कोणाला जन्माने मिळाला, कोणाला लढाईत, कोणाला तहात, कोणाला चक्क चिठ्ठ्या टाकून. एकदा मिळाला की इतर देवांनी तो मानायचा.

## आधी जग, मग देव

इ.स.पू. ७००च्या सुमारास बिओशिया प्रांतातल्या अस्क्रा नावाच्या खेड्यात हेसिऑड हा कवी राहत होता. हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात त्रासदायक आणि चांगलं कधीच नाही, असं त्याने स्वतःच्या गावाचं वर्णन करून ठेवलं आहे. हेलिकॉन डोंगरावर मेंढ्या चारताना कलेच्या देवतांनी आपल्याला गाणं दिलं, असं तो सांगतो. देवांच्या जन्मांची त्याची 'थिऑगनी' ही हजारेक ओळींची कविता हा या विषयाचा सर्वांत मोठा आधार. त्याच्या दुसऱ्या एका कवितेवरून कळतं की वडिलांच्या मालमत्तेवरून त्याचं पर्सीस नावाच्या भावाशी बिनसलं होतं. भावाने लाचखाऊ सरदारांना हाताशी धरून जास्त वाटा लाटला, ही त्याची तक्रार. देवांच्या वाटण्यांची गोष्ट सांगणारा माणूस घरच्या वाटणीने पोळलेला होता, हे लक्षात ठेवून त्याला वाचायला मजा येते.

हेसिऑडच्या जगाला निर्माता नाही. आधी केऑस होतं, म्हणजे एक जांभईसारखी उघडी पोकळी. मग गेया, म्हणजे पृथ्वी. मग टार्टरस हे खोल पाताळ आणि इरॉस ही ओढ. गेयाने एकटीनेच युरेनस म्हणजे आकाश, डोंगर आणि पाँटस म्हणजे समुद्र यांना जन्म दिला. रात्रीच्या पोटी मृत्यू, झोप, म्हातारपण आणि भांडण जन्मले. देव जगात जन्माला येतात. जग त्यांनी बनवलेलं नाही. म्हणूनच त्यांच्या शक्तीला पहिल्यापासून हद्द आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायचा. जुन्या पिढीतले देव ती ती वस्तूच असतात. पाँटस हा समुद्र आहे, हेलिओस हा सूर्य आहे. पोसायडन समुद्र नाही, तो समुद्राचा धनी आहे. धनीपण बदलू शकतं आणि त्यावरून भांडता येतं. पुढची सगळी गोष्ट याच भांडणाची आहे.

## तीन पिढ्यांची भाऊबंदकी

गेया आणि युरेनस यांना अठरा मुलं झाली: १२ टायटन, कपाळावर एकच डोळा असलेले ३ सायक्लोप्स आणि शंभर हातांचे ३ अजस्र भाऊ. बापाला मुलांचा तिटकारा. तो एकेकाला गेयाच्याच पोटात कोंडून ठेवू लागला. कळा असह्य झाल्या तेव्हा तिने अतिकठीण धातूचा एक विळा घडवला आणि मुलांना विचारलं, कोण धजतो? सगळे गप्प. धाकटा क्रोनस पुढे झाला. रात्र पांघरून युरेनस गेयाजवळ आला, तेव्हा दबा धरून बसलेल्या क्रोनसने त्याचं जननेंद्रिय कापलं आणि मागे भिरकावून दिलं.

जमिनीवर सांडलेल्या रक्तातून एरिनीस या सूड घेणाऱ्या देवता आणि राक्षस उपजले. समुद्रात पडलेल्या भागाभोवती फेस जमला आणि त्या फेसातून अफ्रोडायटी निघाली. ती आधी किथिरा बेटाजवळ गेली आणि मग सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. या हिशेबाने प्रेमाची देवता झ्यूसहून जुनी ठरते. होमर तिला झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी म्हणतो. दोन्ही गोष्टी ग्रीकांत शेकडो वर्षं सुखाने नांदल्या.

क्रोनस राजा झाला आणि बापाच्याच वळणावर गेला. तुझा मुलगा तुला खाली खेचेल, असं भाकीत त्याने ऐकलं होतं. बाप मुलांना आईच्या पोटात कोंडत होता, याने ती स्वतःच्या पोटात घातली. हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन, सगळी जन्मल्याबरोबर गिळली. सहाव्या खेपेला त्याची बायको ऱ्हिया हिने बाळ, म्हणजे झ्यूस, क्रीट बेटावर लपवलं आणि दुपट्यात गुंडाळलेला एक दगड नवऱ्याच्या हातात दिला. तो त्याने न पाहता गिळला. पुढे सगळं ओकावं लागलं तेव्हा दगड आधी बाहेर आला. झ्यूसने तो डेल्फी या देवस्थानी ठेवला. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा प्रवासी डेल्फीला गेला, तेव्हा तिथे एक बेताच्या आकाराचा दगड होता, त्यावर रोज तेल ओतत, आणि हाच तो दगड असं लोक मानत.

मग युद्ध झालं. टायटन ऑथ्रिस पर्वतावर, झ्यूसची भावंडं ऑलिंपसवर (त्यावरून ती 'ऑलिंपियन'), आणि दहा वर्षं निकाल नाही. कोंडी फुटली ती झ्यूसने शंभर हातांच्या काकांना पाताळातून सोडवून आपल्या बाजूला घेतल्यावर. त्याआधी त्याने सायक्लोप्सची सुटका केली होती आणि त्यांनी उपकार म्हणून त्याला वीज, गडगडाट आणि वज्र दिलं होतं. झ्यूसचं ते प्रसिद्ध शस्त्र जन्मजात नव्हे. बापाने आणि आज्याने ज्यांना कोंडलं, त्यांना सोडवल्याबद्दल मिळालेलं.

## झ्यूस टिकला कसा?

क्रोनसही पराक्रमी होता, युरेनसही कमी नव्हता. दोघेही गेले. झ्यूस राहिला याचं श्रेय हेसिऑड नुसत्या विजेला देत नाही.

युद्धाआधी झ्यूसने सगळ्या देवांना ऑलिंपसवर बोलावून जाहीर केलं: जो माझ्या बाजूने लढेल त्याचा आज असलेला मान जाणार नाही, आणि क्रोनसच्या राज्यात ज्याला काहीच मिळालं नव्हतं त्याला मिळेल. सर्वांत आधी आली स्टिक्स नदी. सोबत तिची चार मुलं: ईर्षा, विजय, बळ आणि जबरदस्ती. झ्यूसने मुलांना कायमचं आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि आईला मान दिला तो असा, की इथून पुढे देवांनी शपथ घ्यायची ती स्टिक्सच्या पाण्याची. खोटी शपथ घेणारा देव वर्षभर श्वासाविना निपचित पडतो आणि पुढची नऊ वर्षं त्याला देवांच्या पंगतीत आणि सभेत जागा नसते. हेकटी ही जुन्या टायटन घराण्यातली. तिचा पृथ्वी, समुद्र आणि आकाश तिन्हींतला वाटा त्याने जसाच्या तसा राहू दिला.

आपल्याकडच्या वतनांची पद्धत आठवली तर हे चटकन समजतं. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण हे सगळं वंशपरंपरेने चाललेलं. राज्य बदललं की वतनदार नव्या धन्याकडे जायचा, तो सनद देऊन जुनं वतन चालू ठेवायचा आणि बदल्यात निष्ठा मिळायची. वतन म्हणजे उत्पन्नाबरोबर मानपानही आला: पहिला विडा कोणाचा, होळीची पोळी कोणाची. अशा मानावरून खून पडले आहेत. ऑलिंपसवर झ्यूसने केलं ते हेच. जुनी वतनं चालू ठेवली, नवी दिली, आणि सगळे आपापल्या मानासाठी त्याच्यावर अवलंबून राहिले.

एक धोका उरला होता. त्याची पहिली बायको मेटिस म्हणजे अक्कल. तिला आधी मुलगी होईल आणि मग देवामाणसांवर राज्य करणारा मुलगा, असं भाकीत होतं. बापाने मुलं गिळली आणि तो फसला. झ्यूसने गरोदर बायकोच गिळली. मुलगी अथीना त्याच्या डोक्यातून बाहेर आली, मुलगा कधी जन्मलाच नाही, आणि अक्कल कायमची पोटात राहून सल्ला देऊ लागली. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण तिसऱ्या पिढीत ही साखळी तुटली ती या कृत्याने, असं हेसिऑड सरळ सांगतो.

## पोसायडनची कुरकुर

होमरचं चित्र थोडं वेगळं आहे. 'इलियड' या त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, पंधराव्या सर्गात, झ्यूस निरोप पाठवतो: पोसायडनने रणांगण सोडावं. पोसायडन भडकतो. म्हणतो, आम्ही तिघे सख्खे भाऊ, मान सारखा. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला समुद्र आला, हेडीसला अंधारलेलं पाताळ, झ्यूसला आकाश. जमीन आणि ऑलिंपस तिघांच्या सामाईक मालकीचे. त्याने आपल्या तिसऱ्या हिश्श्यात स्वस्थ बसावं आणि धाक दाखवायचा तर पोटच्या पोरांना दाखवावा. निरोप घेऊन आलेली आयरिस हळूच आठवण करून देते, की एरिनीस नेहमी थोरल्याची बाजू घेतात. पोसायडन चरफडत निघून जातो. हेसिऑडच्या गोष्टीत झ्यूस धाकटा आहे, होमरच्या गोष्टीत थोरला. आयरिसचा मुद्दा चालतो तो होमरच्याच हिशेबात.

कोल्हापूरकरांना हा पोसायडन अनोळखी वाटायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सातवाहनकाळातल्या वस्तू सापडल्या, त्यांत पोसायडनची एक छोटी धातूची मूर्ती होती. ती रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापारातून इथवर आली. टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाची ती एक ठळक ओळख आहे.

हक्कांच्या हद्दी एकमेकींना घासत होत्याच. अथेन्स शहर कोणाचं यावरून पोसायडन आणि अथीना यांच्यात चुरस लागली. त्याने खाऱ्या पाण्याचा झरा दिला, तिने ऑलिव्हचं झाड. शहर तिचं झालं. इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इ.स.पू. ४८०मध्ये इराण्यांनी अक्रोपोलिस ही अथेन्सची देवळांची टेकडी जाळली तेव्हा ते झाडही जळलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्याला हातभर कोंब फुटलेला लोकांनी पाहिला. घोडा पोसायडनचा, पण लगामाचं कसब अथीनाचं. समुद्र त्याचा, पण जहाज बांधायची अक्कल तिची. युद्धातही तसंच. रक्ताची नशा आणि आरडाओरडा हा एरीसचा भाग, डावपेच आणि शहराचं रक्षण हा अथीनाचा. 'इलियड'मध्ये दोघांची गाठ पडते तेव्हा मार एरीसच खातो. झ्यूसही त्याला तोंडावर सांगतो, की सगळ्या देवांत तू मला सर्वांत नावडता.

## देव, पण काय काय जमत नाही?

सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, सर्वव्यापी, यांतलं एकही विशेषण या देवांना नीट लागू पडत नाही. सर्वव्यापी म्हणावं तर पोसायडन इथिओपियनांच्या यज्ञाला गेलेला असतो आणि नेमकी ती संधी साधून बाकीचे देव 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याच्या सुटकेचा ठराव करतात. सर्वज्ञ म्हणावं तर पोटच्या मुलीला कोणी पळवलं हे डिमीटरला ठाऊक नसतं. नऊ दिवस मशाली घेऊन ती रानोमाळ भटकते आणि शेवटी आकाशातून सगळं पाहणाऱ्या हेलिओसला विचारते. एरीसला तर दोन दांडग्या भावांनी काशाच्या रांजणात तेरा महिने कोंडून ठेवलं होतं. डायोमिडीस नावाच्या माणसाने भाला मारला तेव्हा अफ्रोडायटीच्या मनगटातून इकॉर वाहिलं. देवांच्या अंगात रक्ताऐवजी असतं ते इकॉर. जखम होते, दुखतं, देव रडतात. मरत तेवढे नाहीत.

अमरपण आणि न संपणारं तारुण्य या दोनच गोष्टी सगळ्या देवांना सारख्या मिळालेल्या. दोन्ही वेगवेगळ्या आहेत बरं का. पहाटेची देवी इऑस हिने आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, झ्यूसकडून अमरत्व मागून घेतलं आणि तारुण्य मागायला विसरली. तो म्हातारा होत गेला, होतच गेला. शेवटी हातपाय हलेनासे झाले तेव्हा तिने त्याला खोलीत ठेवून दार लावून घेतलं. आतून फक्त त्याची बडबड ऐकू येत राहिली.

सगळ्यांत कडक मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या हक्काची. इ.स.पू. ४२८मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर युरिपिडीसचं 'हिप्पोलिटस' हे नाटक सादर झालं. हिप्पोलिटस हा तरुण आर्टेमिसचा निस्सीम भक्त आणि अफ्रोडायटीला तुच्छ लेखणारा. अफ्रोडायटी त्याचा काटा काढते. शेवटी आर्टेमिस येते आणि सांगते, की एका देवाने ठरवलेल्या गोष्टीला दुसऱ्याने आडवं जायचं नाही अशी आमच्यात रीत आहे. झ्यूसची भीती नसती तर मी हे होऊ दिलं नसतं. मग ती मरणाऱ्या भक्तापासून दूर होते, कारण देवाने प्रेत पाहायचं नसतं. आपला सूड म्हणून अफ्रोडायटीच्या आवडत्या एखाद्या माणसाला मी मारीन, एवढं सांगायला मात्र ती विसरत नाही.

## नियती मोठी की झ्यूस?

हा प्रश्न वाचकांना नेहमी पडतो, आणि ग्रीकांनाही पडायचा. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मरणाच्या दारात आहे. झ्यूस विचारतो, उचलून नेऊ का याला? त्याची बायको हेरा म्हणते, ने की. पण मग प्रत्येक देव आपापली पोरं उचलून नेईल, आणि आम्ही कोणी तुला बरं म्हणणार नाही. झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. त्याला जमलं नसतं असं होमर म्हणत नाही. माणसाच्या वाट्याला आलेलं मरण मोडलं, तर वाट्याचा नियमच मोडतो आणि झ्यूसचा स्वतःचा वाटाही त्याच नियमावर उभा आहे. हेराने नेमकं यावरच बोट ठेवलं.

डिमीटरची गोष्ट याची दुसरी बाजू दाखवते. मुलगी पर्सेफनी हेडीसला देऊन टाकायला झ्यूसने परस्पर संमती दिली होती. डिमीटरने आपल्या हातात होतं ते केलं: एकही दाणा उगवू दिला नाही. माणसं मरायला लागली, यज्ञ बंद पडले, देवांना भाग मिळेना. सगळे देव एकामागून एक समजूत घालून आले, ती हलली नाही. अखेर झ्यूसलाच माघार घ्यावी लागली. पर्सेफनीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ला असल्याने तडजोड झाली: वर्षाचा एक तृतीयांश काळ नवऱ्याकडे, उरलेला आईकडे.

## मग भक्तांनी कोणाला भजायचं?

गोष्टींतला झ्यूस एक असला तरी पूजेतले अनेक होते. अंगणाचा झ्यूस, कोठाराचा झ्यूस, पाहुण्यांना राखणारा, शपथ पाळायला लावणारा. प्रत्येकाचं बिरुद वेगळं आणि विधीही वेगळा. कोठाराच्या झ्यूसची खूण म्हणजे साधा रांजण.

झेनोफोन या अथेन्सच्या सैनिक-लेखकाने स्वतःचाच एक अनुभव लिहून ठेवला आहे. इ.स.पू. ३९९, इराणच्या स्वारीवरून परतताना लॅम्पसॅकस इथे तो पुरता कफल्लक झालेला. घोडासुद्धा विकावा लागला. युक्लिडीस नावाच्या ओळखीच्या भविष्यवेत्त्याला आधी हे खरं वाटेना. पण बळीची आतडी पाहून तो म्हणाला, तुझी वाट 'मिलिखिओस' म्हणजे 'सौम्य' झ्यूसने अडवली आहे. त्याला काही वाहिलंस का? झेनोफोन राजा-झ्यूसला बळी देत आला होता, पण घर सोडल्यापासून या झ्यूसला काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या पद्धतीने डुकराची पिल्लं अख्खी जाळून वाहिली. त्याच दिवशी सैन्यासाठी पैसे घेऊन माणसं आली आणि त्यांनी त्याचा विकलेला घोडा सोडवून परत दिला. एका झ्यूसची मर्जी आणि दुसऱ्याची खप्पा, यात झेनोफोनसारख्या शिकलेल्या माणसालाही काही विचित्र वाटलं नाही.

मुख्य देव बारा, म्हणजे 'बारा ऑलिंपियन', हा आकडाही याच नजरेने पाहायचा. अथेन्सच्या चौकात इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस बारा देवांची वेदी उभारली गेली आणि तिथून अंतरं मोजली जात. ऑलिंपिया या ऑलिंपिक खेळांच्या ठिकाणच्या बारांत मात्र क्रोनस, ऱ्हिया आणि तिथली आल्फिओस नदीसुद्धा होती. आकडा पक्का, नावं गावागणिक वेगळी. हेडीस बहुधा त्यात नसायचा. त्याचं घर ऑलिंपसवर नव्हतंच.

## हे सगळं ठरवलं कोणी?

धर्मग्रंथ नव्हता, सर्वांना बांधणारं धर्मपीठ नव्हतं. हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात सरळ लिहिलं: देव कुठून आले हे ग्रीकांना काल-परवापर्यंत माहीत नव्हतं. देवांच्या वंशावळी, त्यांची बिरुदं, मान आणि कसब हे सगळं वाटून दिलं ते होमर आणि हेसिऑड यांनी, माझ्या आधी फार तर चारशे वर्षं.

देव स्वतः मात्र त्याहून जुने होते. हे कळलं १९५२ साली. मायकेल व्हेंट्रिस या तरुण आर्किटेक्टने 'लिनिअर बी' ही क्रीट आणि ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यांत सापडलेली लिपी उलगडली. मातीच्या पाट्यांवरचा मजकूर निघाला कोठीचा हिशेब: अमुक देवाला इतकं तेल, अमुकला मध. त्यांत झ्यूस, हेरा, पोसायडन, हर्मीस, आर्टेमिस ही नावं होती, होमरच्या पाचेकशे वर्षं आधीची. पायलॉसमध्ये पोसायडनचा थाट तर फारच मोठा दिसतो. सर्वांत मोठा धक्का दिला मद्याचा देव डायोनायसस याने. हा पूर्वेकडून उशिरा आलेला परका देव असं विद्वान ठामपणे सांगत. तो या पाट्यांवर हजर होता. अफ्रोडायटीचं नाव मात्र आजवर सापडलेल्या पाट्यांवर नाही. तिचं मूळ सायप्रसमार्गे फिनिशियनांच्या अस्तार्ते या देवीकडे जातं, असं बहुतेकांना वाटतं.

झ्यूसचं नाव ऋग्वेदातल्या 'द्यौस् पितर'चं सख्खं भावंड आहे, आणि रोमनांच्या ज्युपिटरचंही. पण वेदांत द्यौस् फारसं काही करत नाही; वज्र असतं इंद्राच्या हाती. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. युरेनस म्हणजेच वरुण हे समीकरणही ऐकू येतं. एकेकाळी ते मांडलं गेलं होतं, पण ध्वनींचे नियम जुळत नसल्याने भाषाशास्त्रज्ञ आता ते मानत नाहीत.

आणि ती विळ्याची गोष्ट? आजच्या तुर्कस्तानातल्या हत्तुशा या हित्ती राजधानीत मिळालेल्या पाट्यांवर, हेसिऑडच्या कितीतरी शतकं आधी, तिची चुलत बहीण भेटते. कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचं जननेंद्रिय चावून तोडतो, गिळतो, आणि त्याच्या पोटात वादळाचा देव वाढू लागतो. तोच पुढे राजा होतो. अस्क्राच्या त्या कुरकुऱ्या शेतकऱ्यापर्यंत ही कथा पूर्वेकडून येऊन पोचली होती.

## त्यांना हे खरं वाटायचं का?

सगळ्यांना सारखं नाही. इ.स.पू. सहाव्या शतकातच झेनोफेनीस या तत्त्वज्ञ कवीने टोला हाणला, की चोरी, व्यभिचार आणि फसवणूक ही माणसांत लाजिरवाणी असलेली सगळी कामं होमर आणि हेसिऑडने देवांच्या गळ्यात मारली. बैलांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे देव काढले असते. प्लेटोला युरेनस-क्रोनसची गोष्ट मुलांच्या कानावर पडूच नये असं वाटे. असं म्हटल्याने या दोघांना शिक्षा झाली नाही. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९मध्ये आरोप ठेवला गेला तो शहर मानतं ते देव न मानल्याचा, नवे आणल्याचा आणि तरुणांना बिघडवल्याचा. कथेवर वाद चालायचा. शहराचा देवांशी ठरलेला व्यवहार बिघडवलेला चालायचा नाही.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमाकस या कवीने झ्यूसचं स्तोत्र लिहिलं. झ्यूसचं थडगं आमच्याकडे आहे असं क्रीटचे लोक सांगतात, तर ते कायमचेच खोटारडे, असं म्हणून त्याने झ्यूसचा जन्म क्रीटऐवजी आर्केडियात नेला. मग तो चिठ्ठ्यांच्या गोष्टीकडे वळला. जुने कवी खरं बोलत नव्हते, म्हणाला. चिठ्ठ्या सारख्या किमतीच्या वस्तूंसाठी टाकतात. ऑलिंपस आणि पाताळ यांत कोणता मूर्ख चिठ्ठी टाकेल? खोटंच बोलायचं तर ऐकणाऱ्याला पटेल असं तरी बोलावं. झ्यूस धाकटा असूनही स्वतःच्या कर्तृत्वाने राजा झाला आणि थोरल्या भावांनी त्याला हरकत घेतली नाही, असं त्याने ठरवून टाकलं. हे स्तोत्र इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याच्या काळातलं मानतात. तो टॉलेमी थोरल्या सावत्र भावांना डावलून गादीवर बसला होता.